मैत्रीची फेरी आणि पदकाची फेरी

गोल्फची फेरी दोन तऱ्हांनी खेळली जाते. मैत्रीच्या फेरीत दोघे किंवा चौघे ठरवून जमतात, एकेक होल जिंकत-हरत पुढे जातात आणि एकूण फटके किती झाले याची फारशी फिकीर करत नाहीत. स्पर्धेच्या फेरीत प्रत्येक फटका कार्डावर चढतो, प्रत्येक होलमध्ये चेंडू पडावाच लागतो आणि सही करून दिलेले कार्ड अंतिम ठरते. काही खेळाडू आयुष्यभर पहिल्या फेरीतच रमतात, तर काहींना कार्डाशिवाय खेळल्यासारखे वाटत नाही. यातली मैत्रीची फेरी जुनी आहे. स्पर्धेची फेरी तिच्यातूनच निघाली आणि तीही एक व्यावहारिक अडचण सोडवण्यासाठी.

स्कॉटलंडमध्ये हा खेळ पंधराव्या शतकातच इतका पसरला होता, की धनुर्विद्येचा सराव मागे पडतो म्हणून १४५७ मध्ये तिथल्या संसदेने फुटबॉलसोबत गोल्फवरही बंदी घातली. पुढची तीनशे वर्षे गोल्फ म्हणजे समुद्रकाठच्या मोकळ्या माळावरची दोन माणसांची किंवा दोन जोड्यांची झुंज होती. संस्था नव्हत्या आणि ठरलेली मैदानेही नव्हती. मात्र पैज जवळजवळ नेहमीच असे. एडिंबरोमध्ये वैद्यक शिकणाऱ्या थॉमस किंकेडच्या १६८७ सालच्या रोजनिशीत या खेळाचे बारकावे सापडतात. पाय कसे रोवावेत, अंग कसे वळवावे हे त्याने टिपले आहेच, शिवाय एका प्रश्नावर विचार केला आहे: दोन खेळाडू तोडीस तोड नसतील, तर दुबळ्याला काही होलांची सवलत देऊन पैज सारखी ठेवावी, की खेळ बरोबरीने खेळून पैजेची रक्कम कमी-जास्त करावी? लेखी नियम तयार होण्याच्या सत्तावन्न वर्षे आधी हा प्रश्न मांडला गेला होता. मैत्रीच्या खेळातही बरोबरीची लढत हवीशी वाटते, हे त्यातून दिसते.

१७४४ मध्ये एडिंबरोच्या नगरपालिकेने चांदीची एक क्लब, म्हणजे खेळायची छडी, बक्षीस म्हणून दिली आणि लीथच्या पाच होलांच्या माळावर तिच्यासाठी सामना झाला. तो जिंकला जॉन रॅट्रे या शल्यचिकित्सकाने. विजेता वर्षभर खेळाडूंचा कॅप्टन होई, वाद मिटवण्याचे काम त्याच्याकडे येई आणि त्याने चांदीचा एक चेंडू त्या क्लबला जोडायचा असे. या सामन्यासाठी केलेले तेरा नियम गोल्फचे सर्वांत जुने उपलब्ध लेखी नियम आहेत. त्यांची भाषा मात्र पूर्णपणे दोघांच्या लढतीची आहे. चेंडू पाण्यात गेला तर तो बाहेर काढून खेळावा आणि प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्यावा, असे त्यात सांगितले आहे. एकट्याच्या एकूण फटक्यांचा विचार तिथे नाही.

अडचण आली ती नेमकी इथेच. दोघांत कोण सरस हे होल मोजून ठरते. पण डझनभर खेळाडू वेगवेगळ्या जोड्यांत खेळले आणि सर्वाधिक होल जिंकणारा विजयी मानला, तर ज्याच्या वाट्याला कच्चा प्रतिस्पर्धी आला त्याची चंगळ होते. सेंट अँड्र्यूजमध्ये १७५४ साली बावीस उमराव आणि सद्गृहस्थांनी अशीच एक चांदीची क्लब ठेवली होती. तिथे असे वाद टाळण्यासाठी १७५९ मध्ये ठराव झाला, की बावीस होलांच्या फेरीत सर्वांत कमी फटके घेणारा विजेता मानावा. एकूण फटक्यांवर विजेता ठरवण्याचा हा सर्वांत जुना ज्ञात दाखला आहे. १७६४ मध्ये तिथले काही होल जोडून टाकल्यामुळे फेरी अठरा होलांची झाली आणि कालांतराने तोच आकडा जगभर रूढ झाला.

तरी फटके मोजण्याचा दिवस वर्षातून मोजक्याच वेळी, वसंतातल्या आणि शरदातल्या मेळाव्यांत उगवे. पदकासाठी खेळायची म्हणून ती पदकाची फेरी. बाकी वर्षभर चालायचे ते फोरसम: दोन जोड्या आणि प्रत्येक जोडीचा एकच चेंडू, तो दोघांनी आळीपाळीने मारायचा. खेळाडूंच्या संस्थांच्या, म्हणजे गोल्फ क्लबांच्या, पैजेच्या वह्यांत या लढती आणि त्यांवर लावलेली रक्कम नोंदवली जाई. मोठ्या पैशाचे सामनेही याच पद्धतीचे असत. १८४९ मध्ये सेंट अँड्र्यूजचे ॲलन रॉबर्टसन आणि टॉम मॉरिस हे मसलबरच्या डन बंधूंशी तीन मैदानांवर चारशे पौंडांसाठी खेळले. नॉर्थ बेरिकच्या निर्णायक मैदानावर आठ होल उरले असताना चार होलांनी मागे असूनही त्यांनी सामना खेचून आणला.

१८५९ मध्ये सर्वश्रेष्ठ मानला जाणारा रॉबर्टसन वारला आणि आता सर्वश्रेष्ठ कोण, हा प्रश्न उरला. तो सोडवण्यासाठी १७ ऑक्टोबर १८६० रोजी प्रेस्टविकला आठ व्यावसायिक जमले. बारा होलांच्या तीन फेऱ्या त्यांनी एका दिवसात खेळल्या. विली पार्कने १७४ फटक्यांत बाजी मारली, तर टॉम मॉरिस दोन फटक्यांनी मागे पडला. बक्षीस होते लाल चामड्याचा पट्टा. पुढल्याच वर्षी ही स्पर्धा सर्वांना खुली झाली आणि ‘ओपन’ म्हणून आजही चालू आहे. तिच्यामुळे फटक्यांची मोजणी व्यावसायिक गोल्फची मुख्य रीत बनली. हौशी खेळाडूंनी मात्र १८८५ मध्ये हॉयलेकला आपली अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली, ती होलांच्या लढतीचीच.

दोन रीतींचा स्वभाव त्यांच्या नियमांतही उतरला आहे. होलांच्या लढतीत समोरच्याचा सोपा पट, म्हणजे होलजवळून चेंडू आत ढकलण्याचा फटका, तो न मारताच मान्य करता येतो. १९६९ च्या रायडर चषकात रॉयल बर्कडेलवर शेवटच्या होलला जॅक निक्लॉसने टोनी जॅकलिनचा छोटा पट असाच मान्य केला आणि दोन संघांतला सामना १६-१६ असा बरोबरीत सुटला. खेळातल्या दिलदारपणाचे ते उदाहरण म्हणून आजही सांगितले जाते. फटक्यांच्या स्पर्धेत अशा उदारतेला जागा नाही, कारण एकाला दिलेली सूट मैदानावरच्या बाकी सर्वांवर अन्याय ठरते. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत रोबेर्तो दे विसेन्सोच्या कार्डावर सतराव्या होलला तीनऐवजी चार फटके लिहिले गेले. त्याने न तपासता सही केली. त्यामुळे एक फटका वाढला आणि बरोबरीची संधी हुकली.

सामान्य खेळाडूला या दोन टोकांमध्ये उभे राहता आले ते हँडिकॅपमुळे, म्हणजे कुवतीनुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीमुळे. किंकेडच्या प्रश्नाचे हे व्यवस्थित उत्तर होते. १८९३ मध्ये ब्रिटनमध्ये महिलांचा गोल्फ संघ स्थापन झाला आणि इसेट पिअर्सन यांच्या पुढाकाराने त्याने क्लबाक्लबांना समान अशी हँडिकॅप पद्धत बसवली. या कामात पुरुषांच्या संस्था मागे होत्या. पुढे डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी गुणांची पद्धत काढली आणि १९३२ मध्ये वॉलसी क्लबात तिची स्पर्धा भरली. हँडिकॅपची सूट धरून होल पारमध्ये, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या फटक्यांत, संपवला तर दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. दोन किंवा अधिक फटके जास्त लागले तर शून्य, आणि तेव्हा चेंडू उचलून पुढे निघायचे. एका होलचा बट्ट्याबोळ झाला तरी उरलेली फेरी वाया जात नाही. त्यामुळे बेताच्या खेळाडूलाही स्पर्धेत जीव ओतून खेळता येऊ लागले.

भारतात हा खेळ ब्रिटिशांबरोबर आला. १८२९ मध्ये स्थापन झालेला कोलकात्याचा क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना मानला जातो. मुंबईतही १८४२ मध्ये क्लब निघाला. या मुंबईच्या क्लबने सेंट अँड्र्यूजला भेट दिलेले रौप्यपदक तिथल्या स्पर्धांच्या पदकांत जाऊन बसले. १८९२ पासून कोलकात्यात भारताची हौशी अजिंक्यपद स्पर्धा होऊ लागली.

विसाव्या शतकात दोन्ही आवडींचा प्रश्न हिशेबात आला. ब्रिटनमध्ये हँडिकॅपसाठी मुख्यतः स्पर्धेतलीच कार्डे धरली जात. अमेरिकेत मैत्रीच्या फेरीचीही नोंद करायची रीत होती. जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीने हे अंतर बरेच मिटवले. शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठ फेऱ्यांची सरासरी काढायची आणि नियमांनुसार, किमान एका सोबत्यासह खेळलेली मैत्रीची फेरीही त्यात धरायची, अशी तिची रचना आहे. पट न मारताच मान्य केला असेल, तर तिथे बहुधा किती फटके लागले असते तो आकडा लिहायचा. त्यामुळे पदकाच्या वाटेला कधी न जाणाऱ्या खेळाडूचा हँडिकॅपही आज स्पर्धकाइतकाच ग्राह्य धरला जातो आणि दोघे एकाच मैदानावर बरोबरीने खेळू शकतात.