प्यादं एकच घर

आमच्या मुलुंडच्या घरात बुद्धिबळाचा पट एकच होता, पण नियम दोन होते. एक मी क्लासमध्ये शिकलेले आणि दुसरे आजोबांचे. ते मिरजेजवळच्या एका गावात लहानपणी देशी बुद्धिबळ शिकले. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला, शह बसायच्या आधी, एकदाच घोड्याची उडी मारता यायची. प्रांतागणिक यात थोडेफार फरक होते, पण प्याद्याची सावकाशी बहुतेक ठिकाणी सारखीच.

पुढे सांगलीला ये-जा सुरू झाली. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे त्या गावात या खेळाचं वातावरण होतं (भाग्यश्री साठे, म्हणजे नंतरची भाग्यश्री ठिपसे, तिथलीच). आजोबांनी आंतरराष्ट्रीय नियम तिथे उचलले. डोक्याने उचलले, हाताने नाही. पांढरी असोत की काळी, ते राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवायचे, मागच्या रिकाम्या घरात उंट बसवायचे आणि चहाचा कप उचलायचे. मी बारा वर्षांचा असताना त्यांना ऐकवलं होतं, "आजोबा, आधी मधली घरं घ्यायची असतात. याला ओपनिंग म्हणत नाहीत." ते म्हणाले, "नसेल रे." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दहावीनंतर माझा खेळ सुटला. २०२० मध्ये सगळं जग घरात बसलं तेव्हा तुमच्यापैकी अनेकांसारखा मीही फोनवर परत खेळायला लागलो. आणि ओपनिंगच्या बाजारात शिरलो. बाजारच तो. आधी लंडन सिस्टिम, कारण ती 'बिझी लोकांसाठी' आहे असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. मग कारो-कान. मग सिसिलियन नायडॉर्फ, कारण फिशर आणि कास्पारोव ती खेळायचे. दर दोन-तीन पराभवांनंतर दोष ओपनिंगचा ठरायचा आणि मी नवीन कोर्स घ्यायचो.

घाटकोपरला एका रॅपिड स्पर्धेत समोर नऊ-दहा वर्षांचा मुलगा आला. मला नायडॉर्फच्या चौदा चाली पाठ होत्या. त्याने सहावीलाच पुस्तकाबाहेरची, साधी, जराशी वाईटच चाल केली. ती वाईट का आहे हे मला माहीत नव्हतं, फक्त ती फाइलमध्ये नाही एवढंच माहीत होतं. माझी सात मिनिटं तिथेच गेली. डाव संपल्यावर मुलाने हात मिळवला आणि डबा खायला पळाला. मी विद्याविहार, कुर्ला करत उलट्या दिशेच्या लोकलमध्ये बसल्याचं मला सायनला कळलं.

त्या आठवड्यात मी कोर्स बंद केले आणि बुद्धिबळाचा इतिहास वाचायला घेतला. मला एवढंच बघायचं होतं की लोक ओपनिंग पाठ करायला लागले तरी कधी.

आपल्याकडचा एक जुना पुरावा याच शहरातला आहे. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं, मूळ संस्कृत. खेळ युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेला, पण आत मुख्यतः आहेत अवघड स्थिती: इथून मात कशी कराल? भर शेवटावर, सुरुवातीवर नाही. मला हे सयुक्तिक वाटतं. प्यादी एकेक घर चालतात तेव्हा दोन्ही सैन्यं समोरासमोर यायलाच वेळ लागतो. पहिल्या दहा चालींत मान मुरगळायची भीती नाही, मग त्या पाठ कशाला करायच्या?

पुढचा माणूस बंगालचा. मोहेशचंद्र बॅनर्जी. कलकत्त्यात वकिली करणारा जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश खेळाडू १८५० च्या आसपास त्याच्याशी भरपूर डाव खेळला आणि त्यांच्या नोंदी राहिल्या. बहुतेक डाव कॉक्रेननेच जिंकले, हे विसरून छाती फुगवण्यात अर्थ नाही. पण मोहेशचंद्रच्या सुरुवाती बघा: घोडा बाहेर, घोड्यासमोरचं प्यादं एक घर, उंट त्या कोपऱ्यात, मधली घरं खुशाल गोऱ्याला दिलेली. युरोपात तेव्हा हे खेळणं अडाणीपणाचं होतं. १९२० च्या दशकात निमझोविच वगैरे मंडळींनी मधली घरं लांबून दाबायची कल्पना मांडली तेव्हा तेच आधुनिक झालं. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निमझो-इंडियन या नावांतला 'इंडियन' त्या जुन्या सवयीची खूण आहे.

या सवयीचं मूळ एका घराच्या प्याद्यात असावं, हा तर्क मला पटतो. पण १८५५ चा एक डाव मी पटावर मांडला आणि तर्काला एक गाठ बसली. मोहेशचंद्र काळ्याकडून तिसऱ्या चालीलाच वजिरासमोरचं प्यादं सरळ दोन घरं पुढे टाकतो. एर्न्स्ट ग्रुनफेल्डने हीच योजना १९२२ मध्ये खेळली आणि ती त्याच्या नावाने प्रसिद्ध झाली. म्हणजे एक प्यादं जुन्या नियमाने एक घर, दुसरं नव्या नियमाने दोन घरं. त्याने स्वतःचा हात सोडला नाही आणि समोरच्याच्या नियमातलं हवं तेवढं घेतलं.

आजोबा हा दुसरा अर्धा भाग कधीच खेळले नाहीत. ते उंट बसवायचे आणि बसून राहायचे.

सुलतान खानची गोष्ट कदाचित तुम्हाला माहीत असेल. पंजाबातला, उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी असलेला. देशी खेळावर वाढलेला. १९२९ मध्ये लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. मग १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. हेस्टिंग्जला १९३०-३१ मध्ये त्याने कापाब्लांकाला ६५ चालींत हरवलं. ओपनिंग हा त्याचा कच्चा दुवा होता असं सगळेच लिहितात, आणि त्याचे डाव बघताना ते दिसतंही: सुरुवातीला मागे पडतो, मग मधल्या खेळात तासन् तास भरपाई करत बसतो. परत आल्यावर १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकरांशी तो दहा डाव खेळला. नऊ जिंकले, एक बरोबरीत. ओपनिंगच्या कच्चेपणाने तिथे फारसं काही बिघडलं नाही.

कापाब्लांकाविरुद्धच्या डावात पाचवी चाल बघा. पांढऱ्याकडून खेळताना सुलतान खान वजिराच्या बाजूच्या हत्तीसमोरचं प्यादं एक घर पुढे करतो. काळ्याचा उंट बी ४ वर येऊ नये, एवढंच. तेव्हा ती भित्री चाल दिसली असेल. पुढे पेट्रोस्यान आणि कास्पारोव यांनी क्वीन्स इंडियनमध्ये हेच प्यादं हत्यार म्हणून वापरलं आणि आज ही योजना त्या दोघांच्या नावाने ओळखतात.

हा डाव मी आजोबांना दाखवला. ते आता शहाऐंशीचे आहेत, फोनवरची सोंगटी बोटाखाली दिसत नाही म्हणून खरा पट काढला. पाचवी चाल केल्यावर थांबलो आणि कास्पारोवचं वगैरे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हा कापाब्लांकाकडून हरला असता तर आला असतास का दाखवायला?"

मी काही बोललो नाही. आला नसतो.

तेव्हा 'आपलं ओपनिंग' म्हणून किंग्ज इंडियन निवडलं असं मी म्हणणार नाही. नावावरून ओपनिंग निवडणं आणि कास्पारोवच्या फोटोवरून निवडणं यात फार फरक नाही. शिवाय बदलणंही वाईट नसतं. २००८ मध्ये बॉनला क्रामनिकविरुद्ध आनंदने मुख्यतः राजाच्या प्याद्याने सुरुवात करायची कारकीर्दभराची सवय बाजूला ठेवली, वजिराच्या प्याद्याने खेळला, पहिल्या सहा डावांत तीन जिंकले आणि विश्वविजेतेपद राखलं. पण त्याच्यामागे साहाय्यकांचा ताफा आणि महिन्यांची तयारी होती. माझ्याकडे ठाणे ते अंधेरी हा प्रवास आहे.

मी निवडलं ते वेगळ्याच कारणाने. काळी घेऊन घोडा एफ ६, प्यादं जी ६, उंट जी ७, प्यादं डी ६, किल्लेकोट इथवर आलो की पटावरचं चित्र मला लहानपणापासून ओळखीचं असतं. पंधरा वर्षं मी त्याच्या समोरच्या बाजूला बसत होतो. ते कुठे गुदमरतं हेही मला माहीत आहे, कारण आजोबांना मी तिथेच हरवायचो. ई ५ किंवा सी ५ वेळेवर टाकलं नाही की उंट आपल्याच प्याद्यांमागे अडकतो. मला शिकायचं होतं ते एवढंच: कधी टाकायचं. त्याला दीड वर्ष लागलं, आणि वहीची अकरा पानं. कोर्स एकही नाही.

बोरिवलीच्या गेल्या स्पर्धेत सातपैकी चार गुण झाले. हरलेले तिन्ही डाव काळ्याने, तिन्ही किंग्ज इंडियन. दोनांत ई ५ उशिरा टाकलं, एकात घाईने. रविवारी आजोबांसमोर तिन्ही मांडले. पहिल्या दोनांत त्यांना काही चूक दिसली नाही.