पाणी आल्यावर, आलं की, येईल तेव्हा...

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीत ऊस लावणारा शेतकरी एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगू शकतो. बघा:

कालव्याला पाणी आल्यावर ऊस भिजवू.
कालव्याला पाणी आलं की ऊस भिजवू.
जेव्हा कालव्याला पाणी येईल तेव्हा ऊस भिजवू.

अर्थ तोच, काम तेच. पण मराठीच्या पेपरात पहिलं केवल वाक्य आणि उरलेली दोन मिश्र! कारण 'आल्यावर' हे कृदन्त. त्यात पूर्ण क्रियापद नाही, म्हणून ते 'गौण वाक्य' नाही. 'आलं की' मात्र कालदर्शक क्रियाविशेषण वाक्य.

हे खण आले कुठून? पाणिनीकडे गौण वाक्यांचं असं वर्गीकरण नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण आलं 1836 साली, मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली. मधल्या काळात इंग्रजी शिक्षणासोबत वाक्यपृथक्करण शाळेत शिरलं आणि काळ, स्थळ, रीती, कारण, उद्देश, संकेत असे खण पक्के झाले.

आता जरा स्पॅनिशकडे (आयटीवाल्यांपैकी कुणी ना कुणी शिकत असतंच!). तिथे शाळेत असे नऊ प्रकार शिकवत आले. त्यातले काळ, स्थळ, रीती हे तीन 'खरे', कारण त्यांच्या जागी 'तेव्हा', 'तिथे', 'असं' एवढा एकच शब्द बसतो. कारण, उद्देश, संकेत वगैरे उरलेले सहा म्हणजे नावापुरते. या खणांवर तिकडे वाद झाले आणि 2009 साली आलेल्या स्पॅनिश अकादमीच्या मोठ्या व्याकरणाने या गटाच्या उपयोगावरच शंका घेतली.

हीच कसोटी मराठीला लावली तर गंमत होते. जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसं-तसं या जोड्या आहेतच. पण जर-तर आणि जरी-तरी सुद्धा त्याच साच्यातल्या! म्हणजे स्पॅनिशवाले ज्यांना नावापुरते म्हणतात, त्यातले संकेत आणि विरोध आपल्याकडे काळ-स्थळाच्याच पंगतीला बसतात. 'ज'ने व्हेरिएबल डिक्लेअर करायचा, 'त'ने वापरायचा. मराठीचा स्वतःचा काप हा असा आहे.

आणि दुसरा काप कृदन्तांचा: आल्यावर, येताना, येईपर्यंत, आल्याशिवाय. बोलताना आपण निम्मं काम यांच्यावरच भागवतो, आणि गौण वाक्यांच्या तक्त्यात नेमकी यांनाच जागा नाही.

आंद्रेस बेल्यो या व्हेनेझुएलात जन्मलेल्या विद्वानाने 1847 साली चिलीत स्पॅनिशचं व्याकरण छापलं. त्याचं म्हणणं साधं होतं: लॅटिनच्या मापाने स्पॅनिश बेतू नका, ती भाषा स्वतः कशी चालते ते बघा. आपल्याकडे अरविंद मंगरूळकरांनी 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' मांडला. तरी पोरं अजून तोच तक्ता पाठ करतात.

तक्ता फाडा असं म्हणत नाही मी. फक्त त्यात 'आल्यावर'साठी एक रकाना वाढवा. निरवांगीतल्या पोराला निदान कळेल, की आपण घरी बोलतो त्यालाही व्याकरण आहे.