रुपया चालतो तिथवर

मे महिन्यातली दुपार, सोलापूर. छताचा पत्रा तापून टकटक वाजतोय, पंखा गरम हवाच इकडची तिकडं करतोय, आणि तुम्ही चटईवर पालथे पडून मोबाइलवर समुद्र बघताय. निळाशार. पुढं पांढरी वाळू, वाळूवर दोन रिकाम्या खुर्च्या. रास अल खैमा. दुबईपासून शंभरेक किलोमीटर ईशान्येला, त्याच आखाताच्या काठावर. पण गर्दी कमी, खोल्या स्वस्त, आणि मे महिन्यात तर आणखी स्वस्त. मुलांना सुट्टी आहे. गोवा मागच्या वर्षी झाला. हिशेबाच्या वहीत तुम्ही तीन आकडे मांडलेत आणि दोन खोडलेत.

बायको म्हणते, "अहो, एवढं स्वस्त का आहे ते विचारा की आधी." मित्र म्हणतो, "काय बे, सोलापूरचं ऊन कमी पडलं का तुला?"

पैसे अजून भरू नका. आधी जाऊन बघून येऊ. मात्र विमानानं नाही, आणि आत्ताच्या मे महिन्यात तर मुळीच नाही. 1956 चा मे धरा. तेच साल का, तर तेव्हा तिकडच्या बाजारात आपलाच रुपया चालायचा. दिरहमचा भाव बघायला नको, कार्डावर कापलेला आकार नको. बजेटच बघायचं तर मग अशा वेळी जावं.

खिसा चाचपून बघा. मोबाइलच्या जागी आता एक मळकट पाकीट आहे. त्यात सारनाथच्या सिंहाच्या नोटा, गव्हाच्या लोंब्यांचे रुपये, आणि बैलाचं चित्र असलेले काही आणे. शेजारी पत्र्याची ट्रंक. वळकटीत एक सोलापुरी चादर. आणि घरच्या बाईमाणसांनी बांधून दिलेली खरी शिदोरी: कडक भाकरींची चळत, शेंगाची चटणी, लसूण. या भाकरीला आठवडा काही करत नाही, फक्त दात शाबूत हवेत.

मिलचा भोंगा होतो, कापसाचं तूस डोक्यावर घेतलेली माणसं बाहेर पडतात, आणि तुम्ही स्टेशनवर मद्रास मेलच्या तिसऱ्या वर्गात अंग घुसवता. रात्रभर खिडकीतून कोळशाचे कण येतात. पुण्यात इंजिन बदलतं, विजेचं लागतं, आणि घाट उतरताना डोळ्यातली कच काढायला सवड मिळते. मुंबईच्या गोदीत पोचता तेव्हा तुमचं धोतर करडं झालेलं असतं.

बोटीचं नाव 'द्वारका'. ब्रिटिश इंडिया कंपनीची टपालबोट, मुंबई ते बसरा. केबिनवाले साहेब वर, थोडेच. तुमचं तिकीट डेकचं, म्हणजे लोखंडी फरशीवर जिथं चादर पडेल ती तुमची खोली. शेकडो माणसांनी आधीच चादरी टाकून ठेवल्यात. पंढरीच्या वाळवंटात आषाढीला जागा धरतात ना, तसंच. फक्त इथं टाळ नाहीत, इंजिनाची धडधड आहे, आणि ती पाठीच्या मणक्यातून वर चढते. बलुची, सिंधी, अरब, मलबारी. कुणाची पोरं, कुणाच्या कोंबड्या. कांद्याची पोती, साखर, कापडाचे गठ्ठे, आणि मे महिना असल्यामुळं आंब्यांच्या पेट्या. तेलाचा, रंगाचा, ओकारीचा आणि हापूसचा असा एकत्र वास तुम्ही आयुष्यात कधी घेतलेला नाही, आणि पुन्हा घेणारही नाही.

पहिल्या रात्री तुमच्या पोटात समुद्र येतो. कठडा धरून उभे असताना मागून कुणी तरी लिंबू पुढं करतं. रत्नागिरीकडचा खलाशी. त्याची बोली तुमच्या कानाला निम्मी कळते, पण 'भावा, खाली बघू नको, लांब बघ' एवढं नीट कळतं. मग तुम्ही त्याला चटणी देता. तो ती चाखतो, डोळे पुसतो, आणि रोज जेवणाच्या वेळी काही तरी काम काढून तुमच्या चादरीजवळून जाऊ लागतो.

कराची, ग्वादर, मस्कत. बोट थांबत थांबत जाते, घाई कुणालाच नाही. मस्कतजवळ काळे उघडे डोंगर थेट पाण्यात उतरलेले दिसतात आणि त्यांच्यावरून येणारी झळ बोटीपर्यंत पोचते. आठवडा होत आला असताना एका सकाळी इंजिन थांबतं. दुबई आली म्हणतात. कुठं आली? किनारा म्हणजे क्षितिजावरची एक पिवळी रेघ. धक्का नाहीच. बोट लांब उभी राहते, लाकडी होड्या येऊन तिला चिकटतात, ट्रंका जाळ्यात घालून खाली सोडतात, आणि तुम्ही हलत्या शिडीवरून देवाचं नाव घेत उतरता. सिद्धरामेश्वराचं घ्या. तळ्याकाठचा देव आहे, पाण्याचं त्याला कळतं.

पुढचा रस्ता विचारू नका, कारण रस्ता नाही. लँड रोव्हरच्या मागं पोत्यांवर बसायचं. ड्रायव्हर आधी समुद्राकडं बघतो. ओहोटी लागली की ओल्या घट्ट वाळूवरून गाडी पळवायची, भरतीच्या आत पोचायचं. चुकलं तर चाकं रुततात आणि सगळ्यांनी उतरून ढकलायचं. तुम्ही दोनदा उतरता. ड्रायव्हर हात पुढं करून ओरडतो, "सीदा! सीदा!" तुम्हाला वाटतं हिंदी येतं याला. हिंदी नाही, ती त्याची अरबीच. मुंबईशी पिढ्यान् पिढ्या व्यापार करताना हा शब्द तिकडं गेला आणि तिकडचाच झाला. लाखालाही ते लाखच म्हणतात. रुपयाला रुबिया.

आणि हे आलं रास अल खैमा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये वाळूच्या जिभेवर गाव. प्रवाळाच्या दगडांची घरं, काहींवर वारा धरून खाली सोडणारे मनोरे, आणि बाकी सगळी खजुराच्या झावळ्यांची. गढी एक. पलीकडं लांबवर डोंगर. चला, ट्रंक ठेवा. समुद्रकिनारा बघायचा होता ना?

नाक धरा.

चित्रातली ती पांढरी वाळू दिसतच नाही. तिच्यावर चांदीच्या पत्र्यासारखी मासळी अंथरलीय. बोटभर लांबीची, लाखो. सुकली की उंटांना चारा, खजुराला खत. उन्हात ती कुरकुरते आणि तिचा दर्प कपड्यात शिरून बसतो. त्यापलीकडं एक नाव उलटी घातलीय, दोन माणसं तिच्या तळाला शार्कच्या यकृताचं तेल चोळतायत. लाकूड मलबारचं साग, तेल इथलं, आणि वास असा की मासळीचा परवडला. पोरं जाळी ओढतायत. बायका जातायत, चेहऱ्यावर निळसर सोनेरी चमक असलेला कडक कापडी बुरखा. तोही कपडा हिंदुस्थानातून आलेला, निळीचा, घामानं गालावर उतरणारा. किनाऱ्यावर एकही माणूस नुसता बसलेला नाही. किनारा म्हणजे यांची मिल आहे, आणि पाळी चालू असताना मिलमध्ये कुणी खुर्ची टाकून बसत नाही.

ऊन म्हणाल तर आकडा सोलापूरचाच. पण आपलं ऊन कोरडं. सावलीत गेलं, माठातलं पाणी प्यालं की माणूस माणसात येतो. हे ऊन ओलं आहे. सावलीतही घाम सुकत नाही, शर्ट पाठीवरून सोलून काढावा लागतो. गार वाटावं म्हणून तुम्ही पाण्यात पाय घालता आणि दचकून मागं घेता. बंबातलं पाणी. पोहायचा बेत तिथंच संपतो. प्यायचं पाणी गाढवावर डब्यांतून येतं आणि मोजून मिळतं. त्याची चव थोडी खारट.

रात्री मात्र घरच्यासारखं वाटतं. सगळं गाव उघड्यावर झोपतं, धाब्यावर नाही तर उंच मचाणावर. तुम्ही लहानपणी आजोळच्या माळवदावर झोपायचात, तसंच आकाश. फक्त पहाटे तुमची सोलापुरी चादर पिळून काढावी लागते, इतकं दव.

दुसऱ्या दिवशी बाजार. झावळ्यांच्या छपराखाली अंधारी बोळ, तांदळाची पोती, वेलदोडे, मुंबईचं कापड. तुम्ही कॉफी मागता. इवलीशी वाटी, कानाशिवायची, आत वेलदोड्याचा पिवळसर कडू काढा. संपली की पुन्हा भरतात, पुन्हा संपली की पुन्हा. नको असेल तर वाटी हलवून द्यायची, हे सहाव्या वाटीनंतर कुणी तरी दाखवतं. तुम्ही पैसे काढता. कॉफीचे घेत नाहीत, पण मूठभर जुन्या खजुराचे घेतात आणि सुट्टे परत देतात. तळहातावर बैलाचा आणा. सोलापूरच्या नव्या पेठेत भाजीवालीनं दिला असता, अगदी तसाच झिजलेला.

(हे सुख फार टिकलं नाही. 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या भारतीय नोटा काढाव्या लागल्या, कारण आपल्या नोटा देऊन तिकडून इकडं सोनं फार येऊ लागलं होतं. 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि मग हळूहळू तोही गेला. पुढं चला.)

कॉफीच्या त्या बाकावर एक म्हातारा बसलाय. कमरेला लुंगी, एका कानानं बहिरा. मुंबईला जाऊन आलेला, त्यामुळं मोडकी हिंदुस्तानी येते. तुम्ही मुंबईच्या बोटीनं आलात म्हटल्यावर तो चांगला कान पुढं करून सरकतो. तो मोती काढायचा. उन्हाळाच त्याचा मोसम. नाकाला कासवाच्या पाठीचा चिमटा, पायाला दगड, गळ्यात जाळीची पाटी. एका दमात तळ, हाताला लागतील ते शिंपले, मग दोर हलवायचा आणि वरच्यानं ओढायचं. दिवसभर हेच, चार महिने. नावेचा कप्तान, म्हणजे नाखुदा, मोसमाच्या आधी उचल द्यायचा आणि ती कधी फिटायची नाही. बापाची पोराच्या डोक्यावर यायची. 'उचल' हा शब्द तो वापरत नाही, पण ऊसतोडीच्या मुलखातल्या माणसाला दुसरा शब्द सुचणारच नाही. मोती सगळे मुंबईला जायचे. मग जपान्यांनी मोत्यांची शेती काढली आणि इथल्या नावा वाळूवर चढल्या, त्या चढल्याच.

तो विचारतो, मुंबईत मोत्याचा भाव पुन्हा चढलाय का?

तुम्ही सोलापूरचे. सूत विचारलं असतं तर सांगितलं असतं. "बघावं लागेल," असं काहीतरी पुटपुटता. तो मान हलवतो, जणू हेच उत्तर त्याला दर बोटीला मिळतं. मग तो उलट विचारतो, तुम्ही इथं कशाला आलात? कापड विकायला?

"नाही. सुट्टीला."

त्याला तुमचं बोलणं ऐकू आलं नाही असं तुम्हाला वाटतं. तुम्ही पुन्हा, मोठ्यानं सांगता. आता सगळा बाजार ऐकतो. समुद्रावर सुट्टी? या दिवसांत? दुकानदार हसून हसून तराजू खाली ठेवतो. अहो, या दिवसांत आम्हीच इथून पळतो!

आणि खरंच, संध्याकाळी गाव हलायला लागतं. गाढवांवर, उंटांवर चटया, भांडी, कोंबड्या, म्हाताऱ्या. खाडी ओलांडून डोंगराच्या पायथ्याच्या खजुराच्या बागांकडं. ज्यांना जमतं ते दर उन्हाळ्याला जातात आणि खजूर उतरेपर्यंत राहतात. दुकानदार तुमची ट्रंक न विचारता एका उंटावर चढवतो.

बागेत शिरताच हवा बदलते. डोक्यावर झावळ्यांचा दाट मांडव, पायाखाली ओली माती, आळ्यांतून फिरणारं पाणी. डोंगर जांभळे होत चाललेत. घड अजून हिरवे, एखादाच पिवळा पडलेला. आणि मग तो आवाज येतो. आधी तुम्हाला वाटतं भास झाला. कुई... कुई... मग पाणी सांडल्याचा भस्सकन आवाज. पुन्हा कुई. तुम्ही झाडांमधून तिकडं धावता. विहीर. विहिरीवर लाकडी चाक, चाकावरून दोर, दोराला कातड्याची पखाल, आणि उतारावरून मान खाली घालून जाणारा एक बैल.

मोट! तिला इथं यझरा म्हणतात, पण तुम्हाला तिचं नाव कुणी शिकवायची गरज नाही. आजोबांच्या मळ्यात हाच आवाज होता. तुम्ही थारोळ्यात पाय सोडून बसता. पाणी गार आहे. आठवडाभराच्या प्रवासात पहिल्यांदा गार. खिशातला आणा काढून तुम्ही त्यावरचा बैल आणि समोरचा बैल ताडून बघता. समोरचा जरा बारीक आहे.

चादर अंथरा. झोपा.

मुलानं पंखा वाढवला म्हणून जाग येते. गालावर चटईचे वळ, हातात तापलेला मोबाइल. पडद्यावर त्या दोन रिकाम्या खुर्च्या अजून तशाच. बायको चहा ठेवून विचारते, "कळलं का, स्वस्त का आहे ते?"

"मे महिन्यात तिथली माणसंसुद्धा तिथं राहत नसत."

"मग?"

"दिवाळीनंतर जाऊ. थंडीत."

"तेव्हा महाग असणार की."

तुम्ही वही ओढता. विमान, व्हिसा, खोली. थंडीतला दर बराच वर आहे. मग खोलीच्या रकान्यात तुमची नजर अडकते: समुद्राकडची खिडकी असेल तर रात्रीला जास्तीचे पैसे, डोंगराकडची असेल तर कमी. तुम्ही तो मोठा आकडा खोडता आणि एजंटला लिहायला घेता: सी-व्ह्यू नको. डोंगराच्या बाजूला, खजुराची झाडं दिसतील अशी एखादी खोली आहे का?