रँडॉल्फ आणि रस्टिन

नवविधा भक्तीत सख्याचे स्थान आठवे, दास्याच्याही पुढचे. ते सांगताना कीर्तनकार सुदाम्याच्या पोह्यांपाशी रमतात, आणि ते योग्यच आहे. परंतु मित्राचे दारिद्र्य विसरणे एक वेळ सोपे. त्याची बेअब्रू चालली असता भरसभेत त्याच्या बाजूस उभे राहणे फार कठीण. अशा एका स्नेहाची हकीकत अमेरिकेच्या इतिहासात आहे, ती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ए. फिलिप रँडॉल्फ हे फ्लॉरिडातील एका धर्मोपदेशकाचे पुत्र. जन्म १८८९ चा. आगगाडीच्या शयनडब्यांतून उतारूंची सेवा करणाऱ्या कृष्णवर्णीय नोकरांची संघटना त्यांनी १९२५ साली हाती घेतली आणि १२ वर्षे झगडून पुलमन कंपनीस करार करावयास लाविले. बेयर्ड रस्टिन त्यांच्याहून २३ वर्षांनी लहान. क्वेकर संस्कारांच्या आजीने त्यांना वाढविले. गळा गोड, बुद्धी तल्लख. गांधीजींच्या मार्गावर त्यांची निष्ठा होती, व त्याच ओढीने १९४८ च्या अखेरीस ते हिंदुस्थानात आले. परंतु तोवर गांधीजी राहिले नव्हते. रस्टिन समलिंगी होते. तेव्हा अमेरिकेत समलिंगी संबंध हा गुन्हा होता; तरी आपले स्वरूप त्यांनी स्नेह्यांपासून लपविले नाही.

या दोघांचे नेहमीच पटले असे मात्र नव्हे. सैन्यातील वर्णभेदाविरुद्ध रँडॉल्फांनी उभारलेला सविनय कायदेभंग अध्यक्ष ट्रूमन यांच्या १९४८ च्या आज्ञेनंतर मागे घेतला, तेव्हा रस्टिन यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. पुढे सुमारे दोन वर्षे भेट नाही. अखेर शरमेने रस्टिन त्यांच्या कचेरीत गेले, तो रँडॉल्फ उठून सामोरे आले. झाल्या गोष्टीचा त्यांनी शब्दही काढिला नाही!

१९५३ च्या जानेवारीत पॅसाडेना येथे रस्टिन यांना पुरुषांशी संबंध ठेवल्याबद्दल अटक झाली आणि ६० दिवसांची शिक्षा मिळाली. ज्या शांततावादी संस्थेत ते काम करीत होते, तेथील जागा गेली. १९६० साली काँग्रेस सभासद ॲडम क्लेटन पॉवेल यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांना धमकी दिली, की रस्टिन यांच्याशी तुमचे अनैतिक संबंध असल्याचा बोभाटा करीन. बोभाटा निखालस खोटा. तरी रस्टिन दूर झाले आणि किंग यांनी त्यांना दूर होऊ दिले. किंग यांची थोरवी आम्ही जाणतो, पण या प्रसंगी ते कचरले, असेच म्हणावे लागते.

१९६३ साली वॉशिंग्टनच्या मोर्चाचे संचालकपद कोणाकडे द्यावे, हा प्रश्न आला. रस्टिन यांची योग्यता सर्वांस ठाऊक होती. त्यांचे नाव मात्र रॉय विल्किन्स यांना नको होते. तेव्हा रँडॉल्फ म्हणाले, संचालक मी होतो, पण साहाय्यक माझ्या पसंतीचा असेल. त्यांनी रस्टिन यांनाच नेमिले. १३ ऑगस्ट रोजी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी भर सिनेटमध्ये पॅसाडेनाचे प्रकरण उकरून काढले. यावर ७४ वर्षांच्या रँडॉल्फांनी सर्व पुढाऱ्यांच्या वतीने जाहीर केले, की रस्टिन यांच्या चारित्र्यावर व कर्तृत्वावर आमचा पूर्ण विश्वास आहे. या वेळी विल्किन्सही मागे हटले नाहीत.

तयारीस दोन महिनेही मिळाले नव्हते. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवकांनी ८० हजार शिदोऱ्या बांधल्या. जत्रेची व्यवस्था पाहणाऱ्या आमच्या वाचकांस त्या कष्टांची कल्पना येईल. २८ ऑगस्टला सुमारे अडीच लाख लोक जमले, आणि मोर्चाच्या मागण्या व्यासपीठावरून वाचून दाखविल्या त्या रस्टिन यांनीच.

पुढे हार्लेममध्ये वृद्ध रँडॉल्फांना गुंडांनी मारहाण करून लुटले, तेव्हा ते रस्टिन राहत होते त्याच वसाहतीत राहावयास आले. रँडॉल्फ १९७९ साली वारले, रस्टिन १९८७ साली. पॅसाडेनाची शिक्षा कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी माफ केली ती २०२० च्या फेब्रुवारीत.