दौलताबादची द्राक्षे

गेल्या माघात आपल्या मंडळाची सहल दौलताबादला गेली. निघताना सासूबाईंनी एकच वस्तू मागितली. "येताना तिथली द्राक्षं आण. आमच्या लहानपणी त्यांचं मोठं नाव होतं." मागणी साधीच, पण तिच्यापायी मला इतिहासाची पाने चाळावी लागली.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, कुशीतले हे लहानसे गाव. मूळची ही यादवांची देवगिरी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी तिच्यावर चालून आला. पुढे १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलविली आणि काही वर्षांतच ती पुन्हा दिल्लीला नेली. त्याच शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी येथे येऊन गेला. येथे द्राक्षे व डाळिंबे होतात आणि ती वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने लिहून ठेविले आहे.

दोनदा! प्रवाशाची थाप वाटावी. पण आपल्या बागायतदारांना त्यात नवल वाटणार नाही. थंड मुलखात हिवाळ्यात पाने झडून वेल झोपी जाते. आपल्या उबदार हवेत तिला तशी झोप नाही. म्हणून आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून एकच पीक घेतात.

थंड मुलखातली वेल मी एकदाच पाहिली. माझा भाचा फ्रान्समध्ये बोर्दो येथे शिकावयास होता, तेव्हा चैत्रात आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. बोर्दोला लागूनच पेसाक हे उपनगर आहे. ट्राममधून उतरून घरांच्या रांगा ओलांडल्या, तो मध्येच द्राक्षमळा! वेलींना नुकती पालवी फुटत होती. तेथील एका मळ्याला आजही पोप क्लेमेंट यांचे नाव आहे. बोर्दोचे हे आर्चबिशप १३०५ मध्ये पोप झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १३०९ मध्ये, पोपचा दरबार आविन्यों येथे आला. तुघलकाने राजधानी हलविली ती त्यानंतर अठरा वर्षांनी. पोपही १३७७ मध्ये रोमला परतले. दरबार आला नि गेला. पेसाकचा मळा मात्र राहिला.

दौलताबादेत काय राहिले आहे? आम्ही चांदमिनार पाहिला, हत्ती हौद पाहिला, एकमेकींचे हात धरून अंधारी चढलो. खाली उतरल्यावर टोपलीवाल्या बाईला द्राक्षे विचारली. ती म्हणाली, "ही बाहेरची हायती बाई. इथलं पायजे तर पेरू घ्या." मी पेरू घेतले.

परतीच्या वाटेवर आपल्या नळदुर्गचाच विचार मनात घोळत होता. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार मेडोज टेलर याच्याकडे आला. १८६० मध्ये मुलूख निजामाकडे परत गेला. पुढे जिल्ह्याचे ठाणे गेले, नावही गेले. "आपलं गाव जिल्ह्याचं होतं," असे आपण अजून उसासा टाकून सांगतो. पण दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल चारशे वर्षे उभा आहे आणि भर पावसाळ्यात नर-मादी आजही कोसळतात. ठाणे सरकारच्या हुकमाने जाते. वेल तशी जात नाही. ती जाते छाटणारे, पाणी देणारे हात थांबले म्हणजे.

भगिनींनो, सासूबाईंसाठी मी द्राक्षे घेतली ती आपल्या गावाजवळच्या मळ्यातली. खोटे सांगवेना. म्हटले, "ही दौलताबादची नाहीत, आपल्याकडचीच आहेत." त्यांनी एक मणी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि विचारले, "गोड आहेत. बाग कोण राखतंय?"

त्या मळ्यात विरळणीला जाणाऱ्या आपल्याच मंडळातल्या दोघींची नावे मी त्यांना सांगितली.