सोयाबीनची ॲलर्जी असेल तर शाकाहारी माणसाने खायचं काय?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात बीबी हे गाव आहे. खरिपात या भागात जिकडे तिकडे सोयाबीन. मात्र ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, ठेचा, जवसाची चटणी हे इथलं जुनं जेवण सोयाबीनशिवायच होतं. त्यामुळे सोयाबीनची ॲलर्जी असलेल्याला ताटापेक्षा गिरणी आणि दुकान जास्त सांभाळावं लागतं.

प्रोटीन वाढावं म्हणून अनेक जण गव्हात थोडं सोयाबीन घालून दळतात. गिरणीत उरलेलं ते पीठ पुढच्याच्या डब्यात येतं. ॲलर्जी तीव्र असेल तर घरघंटी बरी.

पाकिटबंद पदार्थावर सोयाबीनचा ॲलर्जीकारक घटक म्हणून उल्लेख करणं अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार बंधनकारक आहे. बिस्किटं, चॉकलेट यांवर ‘३२२’ म्हणजे लेसिथिन. ते सोयाचं असू शकतं किंवा सूर्यफुलाचं. सुट्या फरसाणावर लेबल नसतं; तिथे विचारण्याला पर्याय नाही.

आणि तेल? रिफाइंड सोयाबीन तेलात प्रोटीन नगण्य उरतं, म्हणून बहुतेकांना ते चालतं. घाण्याच्या तेलाचं तसं नाही. आपल्याला काय चालेल, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

‘सोयाबीन सोडलं तर प्रोटीन कुठून?’ हा प्रश्न हमखास येतो. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम, शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रोटीन असतं. डाळीत जे अमिनो आम्ल कमी, ते ज्वारीत मिळतं आणि ज्वारीतली उणीव डाळ भरते. शेंगदाणाही सोयाबीनच्याच कुळातला, त्यामुळे काहींना दोन्ही बाधतात. पण तेवढ्यावरून सगळ्या डाळी बंद करणं हा उगाच स्वतःवर ओढवलेला उपास. दूधही सोडलेल्यांनी कॅल्शियमसाठी तीळ, नाचणी खावी. बी-१२ मात्र गोळीतून किंवा बी-१२ मिसळलेल्या पदार्थांतूनच घ्यावं लागतं.

खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर घरगुती उपायात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.

मळणीची धूळही काहींना बाधते. स्पेनच्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ दरम्यान ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण अचानक वाढत. बंदरात सोयाबीन उतरवताना उडणारी टरफलांची धूळ त्याचं कारण निघालं. कोठारांवर धूळ अडवणारे फिल्टर बसवल्यावर त्या साथी थांबल्या. आपल्याकडे मळणीयंत्र चालू असताना वाऱ्याच्या खालच्या बाजूला न थांबणं आणि तोंडाला मास्क बांधणं एवढं करता येतं.