पायाच्या टोकावर उभं राहण्याआधी

खंडाळा म्हटलं की आपल्याला धबधबे, चिक्की, घाटातलं ट्रॅफिक आणि ‘गुलाम’मधलं गाणं आठवतं. भारतीय नृत्याच्या इतिहासात मात्र हे नाव वेगळ्याच कारणासाठी येतं. ‘मादाम मेनका’ या नावाने गाजलेल्या लीला सोखी यांनी इथे ‘नृत्यालयम’ ही नृत्यशाळा काढली होती. त्यांचे पती साहिबसिंग सोखी हे परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक. १९३६ ते १९३८ या काळात मेनका आपला संच घेऊन युरोपभर फिरल्या. परतल्यावर त्यांनी शाळेसाठी खंडाळा निवडलं. तिथे कथकबरोबर कथकली आणि मणिपुरीही शिकवलं जाई. दमयंती जोशी लहानपणीच मेनकांच्या संचात आल्या आणि पुढे कथकमधलं मोठं नाव झाल्या. शिरीन वजिफदार याही तिथल्याच विद्यार्थिनी.

ही शाळा बॅलेची नव्हती. पण बॅले शिकणाऱ्या मुलींच्या घरात आज हमखास निघणारा प्रश्न समजून घ्यायला ती उपयोगी पडते. प्रश्न असा: पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचं, म्हणजे ‘पॉइंट’ करायचं, ते कितव्या वर्षी?

मेनकांच्या गोष्टीत बॅले येतो तो अ‍ॅना पावलोवामुळे. ही रशियन नर्तकी १९२२मध्ये आणि पुन्हा १९२०च्या दशकाच्या अखेरीस भारतात आली होती. तिने मेनकांना भारतीय नृत्याकडे वळायला उत्तेजन दिलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. या पावलोवाचं स्वतःचं बालपण आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे. आठ वर्षांची असताना तिने सेंट पीटर्सबर्गला ‘स्लीपिंग ब्यूटी’ पाहिला आणि नर्तकीच व्हायचं ठरवलं. पण तिथल्या सरकारी बॅलेशाळेने तिला लहान म्हणून परत पाठवलं. १८९१मध्ये, दहाव्या वर्षी, तिला प्रवेश मिळाला आणि १८९९मध्ये ती शिकून बाहेर पडली. म्हणजे जगातली सगळ्यात प्रसिद्ध बॅलेरिनाही आधी ‘अजून नाही’ हे उत्तर ऐकून घरी गेली होती.

त्याच्या साठ वर्षं आधी हे ‘नाही’ कुणी सांगायची फारशी गरज नव्हती. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिसमध्ये मारी तालियोनीने ‘ला सिल्फीद’ केला आणि टोकावरचं नाचणं बॅलेची ओळख बनलं. तिच्या आधीही काही जणींनी ते केलं होतं, पण बहुतेक कसरत म्हणून. तालियोनीच्या पायात होती साधी सॅटिनची चप्पल, पुढे आणि कडेने दोऱ्याने रफू करून थोडी घट्ट केलेली. आधार जवळजवळ शून्य. तो तिने कमावला होता स्वतःच्या पोटऱ्यांत, घोट्यांत आणि कमरेत. व्हिएन्नातल्या पदार्पणाआधी वडिलांनी सहा महिने तिच्याकडून रोज सहा-सहा तास मेहनत करून घेतली होती. त्या चपलेत कच्च्या पायाची मुलगी टोकावर उभीच राहू शकली नसती. परीक्षा चपलाच घ्यायच्या.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बूट बदलले. इटालियन कारागिरांनी कापडाचे थर आणि खळ वापरून पुढचं टोक कडक केलं. अशा बुटांवर पिएरिना लेन्यानीने १८९५च्या ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. पावलोवाचे तळवे खूप कमानदार आणि घोटे नाजूक होते. तिने बुटात चामड्याचा कडक तळ घालून घेतला, टोक सपाट करून घेतलं. काहींनी त्याला लबाडी म्हटलं. आजचे पॉइंट शूज त्याच वाटेने आले.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा बदल मला ओळखीचा वाटतो. एखादं चांगलं टूल हाती आलं की खालचं काही न समजताही काम चालू दिसतं. कडक टोकाच्या बुटात तेच होतं. तयारी नसलेली मुलगीही काही सेकंद टोकावर उभी राहते, फोटोत सुरेख दिसते. कमजोर घोटा बाहेर कलंडतो, गुडघा वाकलेला राहतो, कंबर मागे जाते, पण बघणाऱ्याचं लक्ष टोकावर असतं. थांबवायचं काम आधी चपला करत. आता ते शिक्षकाला करावं लागतं.

ते कसं करायचं, यावर विसाव्या शतकात विचार झाला. १९४९मध्ये ‘अ‍ॅनाटॉमी अँड बॅले’ लिहिणाऱ्या सेलिया स्पार्गर यांचं म्हणणं होतं की टोकावर उभं राहणं हे पायाचं काम नाही; पाठ, कंबर, मांड्या, पाय अशा सगळ्या शरीराच्या सावकाश तयारीचं ते फळ आहे. नृत्यवैद्यक क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक सूत्रंही याच दिशेची. बारा वर्षांच्या आधी नको. घोटा पुरेसा ताणला जात नसेल किंवा पाय सरळ रेषेत राहत नसेल, तर नको. पोट-कंबरेचे स्नायू कमजोर असतील किंवा सांधे फाजील लवचीक असतील, तर आधी ताकद वाढवा. आठवड्यातून एकच क्लास असेल, तर शक्यतो नकोच. दोन क्लास असतील आणि वरची कुठलीच अडचण नसेल, तर शिक्षणाच्या चौथ्या वर्षी सुरुवात करा.

यात ‘बारा’ हा आकडा लोकांच्या लक्षात राहतो आणि बाकीचं गळून जातं. मग बाराव्या वाढदिवसाला बूट भेट मिळतात. पण बारा म्हणजे त्याआधी नको, एवढंच. त्या दिवशी करायचंच, असा त्याचा अर्थ नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते आणि ती जपायलाच हवी. पण हाडं पक्की झाली म्हणून कमजोर कंबर आपोआप बळकट होत नाही. त्यामुळे एकाच वर्गातल्या दोन मुलींपैकी एक बाराव्या वर्षी तयार असेल आणि दुसरी चौदाव्या.

आपल्या नृत्यांना ही गोष्ट नवी नाही. कथकमध्ये नवशिकी मुलगी थोडे घुंगरू बांधते. शंभर-दीडशेचं ओझं पुढे येतं. कथकलीत पावलाच्या बाहेरच्या कडेवर उभं राहतात आणि ते जमावं म्हणून कोवळ्या वयापासून वर्षानुवर्षं तेलाने अंग रगडून शरीर घडवतात. खंडाळ्यात या दोन्ही परंपरा एकाच छपराखाली होत्या.

मेनकांनी कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’वरही नृत्यनाट्य बसवलं होतं. मूळ नाटकात दोन नृत्यगुरू श्रेष्ठ कोण यावरून भांडतात आणि शिष्येला नाचवून निकाल लावायचा ठरतो. तेव्हा राणी धारिणी हरकत घेते: शिक्षण पुरं झालं नसताना ते लोकांपुढे मांडणं अन्यायाचं आहे. तिचा खरा हेतू वेगळा असतो. मालविका राजाच्या नजरेला पडू नये, एवढंच तिला हवं असतं. पण तिचा युक्तिवाद चोख आहे. भांडण गुरूंचं आणि पणाला लागते मुलगी, हे तिने नेमकं पकडलंय.

आजही तसंच होतं. मुंबईत तुश्ना दल्लास यांनी १९६६मध्ये बॅलेशाळा काढली तेव्हा हे शिक्षण मोजक्या घरांपुरतं होतं. आता बूट ऑनलाइन मिळतात, रील्स बघून घरच्या फरशीवर सराव होतो. ‘अजून नाही’ म्हणणाऱ्या क्लासमधून मुलगी काढून ‘हो’ म्हणणाऱ्या क्लासमध्ये घालणं सोपं आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्या शिक्षकाची फी बुडते आणि ‘हो’ म्हणणाऱ्याच्या चुकीची किंमत मुलीचा घोटा काही वर्षांनी चुकवतो.

मेनका १९४७मध्ये गेल्या. शहरापासून दूर, घाटमाथ्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना शिकायला जागा आणि वेळ दिला होता. तुमच्या घरात कुणी लहान बहीण किंवा भाची बॅले शिकत असेल, तर ‘पॉइंट कधी सुरू करणार?’ हे विचारण्याआधी शिक्षकांना विचारा: तिच्यात अजून काय तयार व्हायचं आहे? याचं नेमकं उत्तर जो शिक्षक देईल, त्याच्याकडे आणखी एक वर्ष थांबायला हरकत नाही.